मँडोलिन करून घेताना: कॅरी ते गॅलॅक्स, गॅलॅक्स ते मिरज

सप्टेंबर २०२२ चा शेवटचा आठवडा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या रॅली शहरात ‘वर्ल्ड ऑफ ब्लूग्रास’ भरलं होतं. ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल (व्हायोलिनच), गिटार, मँडोलिन अशा तंतुवाद्यांवर चालणारं अमेरिकी लोकसंगीत. आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा हा वार्षिक मेळा २०१३ पासून २०२४ पर्यंत आमच्या शेजारच्या या शहरात होत असे. मी कॅरीत राहते, तिथून अर्ध्या तासावर. कन्व्हेन्शन सेंटरच्या बोळात सहा-सात जण गोल करून वाजवत उभे होते. त्यातल्या एका बाईंच्या हातातलं मँडोलिन मला सगळ्या आवाजातून वेगळं ऐकू येत होतं. कोरडा, लाकडी, छातीत लागणारा ठोका. माझ्याकडे तेव्हा कारखान्यात बनलेलं साडेतीनशे डॉलरचं मँडोलिन होतं आणि दीड वर्षाचा रियाज होता. गाणं संपल्यावर मी बाईंना विचारलं, हे कुठलं? त्यांनी वाद्याच्या भोकातून आतली चिठ्ठी दाखवली. पेन्सिलीने लिहिलेलं एक नाव, एक आकडा, आणि ‘ग्रेसन काउंटी, व्हर्जिनिया’, म्हणजे शेजारच्या राज्यातला एक जिल्हा.

तिथपासून ते वाद्य माझ्या हातात येईपर्यंत दोन वर्षं गेली, आणि त्याला मिरजेला नेऊन आणेपर्यंत आणखी तीन महिने. या काळात मी ज्या प्रश्नांवर अडले, त्यांची उत्तरं एका जागी कुठे मिळाली नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कारागिरांचं नाव मी इथे देत नाही. त्यांना गर्दी नको आहे, त्यांची यादी आधीच लांब आहे. एवढंच सांगते की ते सत्तरीचे आहेत आणि ग्रेसनला लागून असलेल्या गॅलॅक्स गावाच्या एका फर्निचर कारखान्यात तीस वर्षं नोकरी केलेले आहेत. परदेशी स्वस्त माल आल्यावर त्या भागातले बरेच कारखाने बंद पडले आणि लाकडाचा हात असलेली पुष्कळ माणसं मोकळी झाली. पण वाद्यं बनवण्याची परंपरा तिथे त्याच्या आधीपासूनची. व्हाइटटॉप डोंगराकडचे आल्बर्ट हॅश फिडल बनवायचे आणि कुणीही दारात आलं तर शिकवायचे. ते १९८३ मध्ये गेले. त्यांच्याकडे शिकलेले वेन हेंडरसन रग्बी नावाच्या चिमुकल्या गावात टपाल वाटण्याची नोकरी करता करता गिटार बनवत राहिले, आणि १९९५ मध्ये त्यांना अमेरिकेतला लोककलेचा सर्वोच्च सन्मान, नॅशनल हेरिटेज फेलोशिप, मिळाला. माझे कारागीर याच साखळीतले, दोन कड्या पुढचे.

ईमेल नाही, संकेतस्थळ नाही. घरचा फोन आणि त्यावर निरोप ठेवायचं यंत्र. मी निरोप ठेवला. अकरा दिवसांनी फोन आला. पहिला प्रश्न किमतीचा नव्हता, ‘कुणाबरोबर वाजवतेस?’ असा होता. मी म्हटलं, एकटीच, घरी. पलीकडे थोडी शांतता. मग म्हणाले, येताना वाद्य घेऊन ये.

१२ नोव्हेंबर २०२२. कॅरीपासून गॅलॅक्स पावणेतीन तासांवर. विन्स्टन-सेलम, माउंट एअरी, मग चढ लागतो. त्यांची कार्यशाळा घरामागच्या शेडमध्ये. मी तिथे पाऊल टाकलं आणि थबकले, कारण वास ओळखीचा होता. मी मिरजेची. शनिवार पेठेतल्या सतारमेकरांच्या दुकानांवरून शाळेत जायचे. तापवलेल्या सरसाचा वास, चपड्याच्या पॉलिशचा वास, ताज्या भुशाचा वास. इथेही सरसच होता, विजेच्या छोट्या भांड्यात मंद तापत ठेवलेला. चपडाही होता, बाटलीत स्पिरिटमध्ये विरघळलेला. ही लाख बहुतेक भारतातूनच येते, हे त्यांना माहीत होतं. मला मात्र तो वास व्हर्जिनियात भेटेल असं वाटलं नव्हतं. घशात काहीतरी दाटून आलं आणि मी दोन मिनिटं काही बोललेच नाही.

त्यांनी मला तीन गाणी वाजवायला सांगितली. ऐकून घेतलं आणि स्पष्ट बोलले. बोटं बरी आहेत, पण तू फक्त सूर वाजवतेस. ब्लूग्रासमध्ये मँडोलिनचं निम्मं काम ‘चॉप’चं. या संगीतात ढोल-ताशा काही नसतो. मात्रेवर बास पडतो, आणि दोन मात्रांच्या मधल्या जागी मँडोलिनवर दाबून तोडलेला ठोका पडतो. तो ठोका म्हणजेच तिथला ताल. तो एकटीने घरी शिकता येत नाही. म्हणाले, यादीत तुझं नाव चौदावं लिहितो, वर्षाला सहा-सात वाद्यं होतात. तोवर लोकांत जाऊन वाजव. कसं वाजवतेस ते कळल्याशिवाय तुझ्यासाठी लाकूड कसं निवडू?

त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. वहीत नाव, फोन आणि पत्ता. मी उत्साहाने गेले होते, परतताना रडू आलं. वाटलं, नकारच दिला. तो नकार नव्हता. अशी माणसं ऑर्डर घेताना वाजवणारा पारखतात. पुढे इतरांशी बोलल्यावर कळलं की पहिल्या भेटीत अनामत न मागणं ही तिथे चांगली खूण मानतात.

जॅमला, म्हणजे दर मंगळवारी जमून गोलात वाजवायच्या बैठकीला, जाणं हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत अवघड भाग. कागदपत्रं त्यापुढे काहीच नाहीत. गोलात मी एकटी भारतीय, बहुतेक वेळा एकटी बाईसुद्धा. पहिले पाच मंगळवार मी बाहेरच्या रांगेत उभी राहून हळूच चॉप करत राहिले. कुणी तुसडं वागलं नाही, पण कुणी आत बोलावलंही नाही. नियम कुठे लिहिलेले नसतात, ते बघून उचलावे लागतात. कुणी गात असेल तर आपला आवाज त्याच्या खाली. ज्याने गाणं सुरू केलं तो मानेने खूण करतो, मग आपला एकल तुकडा, त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. नको असेल तर नुसती मान हलवायची, कुणाला वाईट वाटत नाही. गाणं संपवायचं असलं की सुरू करणारा एक पाय वर उचलतो. स्वर जी, ए, बी असे सांगतात आणि पुढचे कॉर्डचे (साथीच्या स्वरसमूहांचे) बदल आकड्यांनी: वन, फोर, फाइव्ह. हे आकडे पाठ केले की अनोळखी गाण्यातही उभं राहता येतं. मला याची तयारी मिरजेच्या भजनी मंडळात नकळत झाली होती. तिथेही कुणी काही समजावत नाही, बुवांच्या मानेकडे बघायचं असतं.

सहाव्या मंगळवारी खूण माझ्याकडे आली. दोन ओळी नीट गेल्या, तिसरीत अडखळले, आणि शेजारच्या फिडलवाल्या गृहस्थांनी माझाच सूर उचलून तो तुकडा पुरा केला. नंतर त्यांनी एवढंच म्हटलं, पुढच्या मंगळवारी ये. मी घरी जाऊन नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं.

ब्लूग्रास आणि ‘ओल्ड टाइम’ यांत गल्लत करू नका, गॅलॅक्सच्या बाजूला तर अजिबात नको. ओल्ड टाइम हे जुनं, नाचाचं संगीत. सगळे मिळून एकच धून फिरवत राहतात, स्वतंत्र ब्रेक नसतात, आणि बँजो नखाने खाली झोडत वाजतो. त्या बँजोची मुळं आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वाद्यांत आहेत. ब्लूग्रास त्या मानाने तरुण. केंटकीचे बिल मनरो मँडोलिन वाजवत आणि त्यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या ताफ्यावरूनच नाव पडलं. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज त्यात आले, त्यांच्या तीन बोटांच्या बँजोने या संगीताला आजचं रूप दिलं. डोंगरात दोन्ही चालतं, पण कुठल्या गोलात शिरतो आहोत ते आधी दोन गाणी ऐकून ठरवावं. मी एकदा ओल्ड टाइमच्या गोलात ब्रेक घ्यायला पुढे झाले होते. एका आजींनी हलकेच माझ्या कोपराला हात लावला आणि मान हलवली. तेवढं पुरलं.

१५ एप्रिल २०२३ ला पुन्हा गेले. त्यांनी तेच मँडोलिन वाजवायला लावलं, स्वतः गिटार घेऊन साथीला बसले, आणि दहा मिनिटांनी उठून फळ्या काढल्या. आता यादीतलं नाव पक्कं झालं. ५०० डॉलर अनामत, चेकने. पावती हाताने लिहिलेली, पण तीत सगळं: नमुना, लाकूड, एकूण किंमत, हप्ते, आणि मी मागे फिरले तर किती परत मिळेल. असा कागद नसेल तर मागून घ्या, संकोच करू नका.

नमुना निवडताना मोह होतो. एफ आकाराला वर तो वेलबुट्टीसारखा वळलेला कान असतो, मनरोंच्या वाद्याला होता तसा. गिब्सन कंपनीत लॉइड लोर यांनी १९२० च्या दशकात जे एफ-५ आखलं, त्याच मोजमापांवर आजही बहुतेक कारागीर चालतात. मनरोंच्या मँडोलिनवर लोर यांच्या सहीची तारीख ९ जुलै १९२३ आहे. पण तो कान कोरायला फार वेळ जातो. माझ्या कारागिरांकडे तेव्हा एफ ६,२०० डॉलरला, आणि साधं थेंबाच्या आकाराचं ए ३,४०० ला. दोन्हीची छाती, पाठ आणि आतले दांडे ते सारखेच करतात. मी ए घेतलं.

वरच्या पट्टीला रेड स्प्रूस. हा वृक्ष त्या डोंगरांच्या माथ्यावर वाढतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो बेफाम तोडला गेला, त्यामुळे चांगल्या रुंदीची फळी आता जपून वापरतात. त्यांनी एक एक पाचर कानाजवळ धरून बोटाच्या पेराने ठोकली आणि मला विचारलं, कुठली? मी तिसरी म्हटलं. त्यांनी पाचवी घेतली. तिसरी मोठ्याने बोलत होती, पाचवी लांब बोलत होती. फरक मला तिसऱ्यांदा ठोकल्यावर ऐकू आला. पाठीला आणि कडांना शुगर मेपल, बोटपट्टीला आफ्रिकी एबनी.

आता कागदपत्रांचं, कारण मला हे वाद्य भारतात न्यायचं होतं आणि परत आणायचं होतं. लाकूड कुठलं आहे यावर सगळं अवलंबून. २०१७ च्या जानेवारीपासून रोझवुडच्या सगळ्या जातींवर साइट्स कराराचे (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) निर्बंध आले, मग २०१९ च्या नोव्हेंबरअखेर तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुडला सूट नाही. ते १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे. म्हणून जुनी गिटार विकत घेताना ‘रोझवुड’ एवढ्यावर थांबू नका, कुठलं ते लेखी घ्या. (गिटारवाले ज्याला इंडियन रोझवुड म्हणतात ते म्हणजे आपला शिसव. त्यांच्या शेडच्या कोपऱ्यात शिसवाच्या फळ्या बघून मला आमच्या वाड्याचं माजघर आठवलं.) माझ्या मँडोलिनात रोझवुड नव्हतंच. शिंपल्याच्या नक्षीवर मी फुली मारली, कारण शिंपला वन्यजीव खात्याच्या नियमांत मोडतो. बोटपट्टीवर ठिपके मेपलचे घ्या म्हटलं. कारागिरांना ते आवडलं. काळ्यावर पांढरट लाकडाचे ठिपके मला शिंपल्याहून देखणे वाटतात. शेवटी त्यांनी एका कागदावर सगळं लिहून सही केली: प्रत्येक लाकडाचं शास्त्रीय नाव, कुठून आलं, तारांखालच्या घोडीचं एबनी, वरच्या टोकाचं गाईचं हाड, वाद्याचा क्रमांक. हा एक कागद मला सगळीकडे उपयोगी पडला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गॅलॅक्सचं ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन असतं. १९३५ पासून तिथली मूस लॉज ही सेवाभावी संघटना भरवते, फेल्ट्स पार्कात. मंचावर स्पर्धा चालते, पण माझ्या लेखी खरा सोहळा वाहनतळावर. तंबू, गाड्या, ताडपत्र्या, आणि रात्री दोनपर्यंत प्रत्येक ताडपत्रीखाली एक गोल. मी स्पर्धेत उतरले नाही. तीन रात्री फिरले आणि दर वेळी लोकांना वाद्यातली चिठ्ठी दाखवायला सांगितली. ग्रेसन, कॅरोल, सरी, अ‍ॅश अशा आसपासच्या काउंट्यांची नावं पुन्हा पुन्हा. ज्याने बनवलं तो बहुधा दोन तंबू सोडून वाजवत बसलेला. वाद्य बिघडलं की मालक ते तिथेच नेऊन देतो, सकाळी परत मिळतं. हे पाहिल्यावर मला त्यांचा पहिला प्रश्न समजला. वाद्य कुणाबरोबर वाजणार आहे हे त्यांना ठाऊक हवं असतं, कारण पुढची तीस वर्षं ते त्यांच्याच कानांवर पडणार असतं.

फेब्रुवारी २०२४ ला पत्र आलं, काम सुरू केलंय. मी १,५०० चा दुसरा हप्ता पाठवला. २२ जूनला बोलावलं. पॉलिशशिवाय, पांढऱ्या लाकडात तारा चढवून ठेवल्या होत्या. वाजवून घेतलं, खालची तार जड वाटते म्हटल्यावर तारा काढल्या आणि आतल्या एका दांड्यावरून रंध्याचे चार हलके हात फिरवले. या भेटीसाठी वेळ काढाच. पॉलिश झाल्यावर असं काही करता येत नाही.

५ ऑक्टोबर ही ताबा घ्यायची तारीख ठरली होती. २७ सप्टेंबरला हेलीन वादळ आलं. पश्चिम नॉर्थ कॅरोलिनात पुराने हाहाकार झाला. व्हर्जिनियाचा तो कोपराही सुटला नाही. ग्रेसन काउंटीत न्यू रिव्हरला पूर आला, डमॅस्कस गाव पाण्याने उद्ध्वस्त झालं. सहा दिवस फोन लागला नाही. त्या सहा दिवसांत मँडोलिनचा विचार एकदाही आला नाही असं म्हणणार नाही, आला, आणि आला की अपराधी वाटायचं. सातव्या दिवशी आमच्या जॅममधल्या एकांचा निरोप आला, म्हातारा सुखरूप आहे, शेडचं छप्पर जागेवर आहे, वीज नाही. आमच्या मंगळवारच्या गटाने पैसे आणि पेट्रोलचे डबे जमवले. मी ब्लँकेटं आणि बॅटऱ्या दिल्या.

वाद्याचं म्हणाल तर ते वर टांगलेलं होतं, ओलं झालं नाही. पण हवेत इतका दमटपणा होता की चपड्याच्या थरावर पांढरी झाक आली. वीज येईपर्यंत हवा कोरडी करायचं यंत्र बंद. वीज आल्यावर त्यांनी तो थर स्पिरिटने उतरवला आणि नव्याने चढवला. पाच आठवडे गेले. ९ नोव्हेंबरला मी गेले. शेवटचा हप्ता आणि ३,४०० वरचा ५.३ टक्के विक्रीकर मिळून १,५८०.२० डॉलर. जास्तीच्या कामाचे पैसे देऊ केले, घेतले नाहीत.

त्यानंतरची धावपळ थोडक्यात. घराच्या विम्यात वाद्याची स्वतंत्र नोंद: वर्षाला ३८ डॉलर, त्यासाठी पावती आणि चार फोटो. २६ नोव्हेंबरला सीमाशुल्क कार्यालयात फॉर्म ४४५७. परदेशी नेलेली वस्तू आधीपासून आपलीच आहे हे परतताना दाखवायला तो चालतो. फी नाही, पण वस्तू प्रत्यक्ष न्यावी लागते आणि अधिकारी समोर बघून शिक्का मारतात. फॉर्मवर वाद्याचा क्रमांक लिहा, ‘मँडोलिन’ एवढंच नको. आधी फोन करून वेळ विचारा. मी न विचारता गेले आणि पहिली फेरी वाया गेली.

विमानात वाद्य हातातच. अमेरिकी विमान कंपन्यांना २०१५ पासून छोटी वाद्यं वरच्या कप्प्यात ठेवू द्यावी लागतात, मात्र आपण चढतो तेव्हा जागा शिल्लक असेल तरच. म्हणून लवकर चढायचे वीस-तीस डॉलर द्यावेत. परदेशी कंपनीचं विमान असेल तर तिचा नियम छापून जवळ ठेवावा. दरवाजात एका कर्मचाऱ्याने पेटी खालच्या सामानात द्यायला सांगितली तेव्हा तो कागद कामी आला. तारा अर्ध्या सुरांनी उतरवा, पेटीत ओलावा राखणारी पुडी ठेवा. मुंबईला मी सामान जाहीर करण्याच्या लाल मार्गिकेत गेले. त्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंतच्या नव्या वस्तूंना माफी होती, माझं वाद्य त्याहून महाग, पण वापरातलं आणि परत जाणारं. पावती, लाकडांचा कागद, फॉर्म आणि परतीचं तिकीट दाखवलं. पन्नास मिनिटं गेली. एका अधिकाऱ्यांनी वाजवून दाखवायला सांगितलं. वाजवलं. नोंद करून सोडलं.

महालक्ष्मीने पहाटे मिरजेला उतरले. तिसऱ्या दिवशी शनिवार पेठेत गेले, बाबांच्या ओळखीच्या सतारमेकर चाचांकडे. मिरजेत हे काम १९ व्या शतकाच्या मध्यापासून चालतं. हत्यारांना धार लावणारे शिकलगार फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले, तेव्हापासून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. चाचांनी पेटी उघडली, पण तारांना हात लावला नाही. वाद्य उलटं केलं, पाठ बघितली, मग बोटाने वरची पट्टी तीन ठिकाणी ठोकली.

“ताई, ही तबली वाकवलीया का कोरलीया?”

“कोरलीय चाचा.”

“मंग ठीक. लाकूड कंचं?”

मी स्प्रूस सांगितलं, डोंगरावर बर्फात वाढणारं. त्यांनी तुनाची एक फळी आणून शेजारी ठेवली, दोन्ही आळीपाळीने ठोकल्या. मी ते फोनवर ध्वनिमुद्रित केलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गॅलॅक्सला ऐकवलं. कारागिरांनी फोन कानाला लावून चार वेळा ऐकलं. मग विचारलं, त्यांच्या तबलीची जाडी किती असते? मला ठाऊक नव्हतं. मिरजेला भावाला निरोप टाकला, तो दुकानात जाऊन आला, आणि उत्तर आलं: तंबोऱ्याला मधे दीड सूत, कडेला एक सूत.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मी त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, भिंतीवरचा जाडी मोजायचा चिमटा काढला आणि बाकावर पडलेल्या नव्या स्प्रूसच्या पट्टीच्या कडेला लावला. मग मधे लावला. मग मला बोलावून आकडा वाचायला दिला.